लागला

किशोरने पाचही अंक एकावर एक ठेवले, सोनेरी कागदात गुंडाळले आणि वरून लाल फीत बांधली. गाठ मुद्दाम सैल ठेवली. प्रकाशनाच्या वेळी पाहुण्यांच्या हातून गाठ सुटत नाही, मग कुणीतरी कात्री शोधत पळतं आणि फोटोत नेमका तोच घोळ येतो, हे अमरावतीत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक असतं. त्याने फीत ओढून पाहिली, पुन्हा बांधली आणि गठ्ठा तबकात ठेवला. मग घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. बाबा आता मूर्तिजापूर ओलांडून पुढे आले असतील.

बाबा येणार, या एका गोष्टीवर तो तीन दिवस तरंगत होता. छत्तीस वर्षांच्या माणसाने बाप येणार म्हणून हुरळून जावं हे जरा हसण्यासारखंच आहे, पण तो हुरळला होता. सकाळी त्याने दोनदा दाढी केली होती. हॉलमधल्या पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर ‘राखीव’ अशी चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवली होती आणि तिथे बसायला आलेल्या दोघा प्राध्यापकांना नम्रपणे उठवलं होतं.

प्रकाशन होतं ‘वज्रसाहेब’ या चित्रकथा-मालिकेच्या पहिल्या अंकाचं. मुखपृष्ठावर ‘वज्रसाहेब’ ही अक्षरं विटेएवढी होती. त्याखाली ‘संकल्पना : गजेंद्र सर’ ही त्याहून थोडी लहान होती. ‘कथा व चित्रे : किशोर वामनराव काकड’ हे आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर होतं. तिथे ते सापडायला थोडा वेळ लागे, पण एकदा सापडलं की किशोरची नजर तिथून हलत नसे.

गजेंद्र सर म्हणजे आयोगाच्या परीक्षांचा क्लास चालवणारे. किशोर पंचविसाव्या वर्षी बार्शीटाकळीजवळच्या आपल्या गावाहून त्यांच्याकडे शिकायला आला, तो साहेब होऊनच परत जाणार होता. पूर्वपरीक्षा सात वेळा झाली, मुख्य परीक्षा तीन वेळा, मुलाखत एकदा. त्या मुलाखतीत दोन गुण कमी पडले. मग सरांनी त्याला भूगोलाच्या नोट्समधले नकाशे काढायला ठेवून घेतलं. नद्या, धरणं आणि मातीचे प्रकार काढता काढता एका दुपारी त्याने समासात एक उपजिल्हाधिकारी काढला. तहसील कचेरीच्या खिडकीतून तो उडत बाहेर पडत होता आणि त्याच्या पेनातून शाईची चिळकांडी उडत होती. सरांनी तो समास पाहिला. दुसऱ्याने टाकलेलं बी कुठे उगवेल हे ओळखायची नजर सरांना जन्मजात होती. पोरं नोट्स वाचत नाहीत, चित्रं पाहतात, तेव्हा आता आपल्याकडे चित्रं असतील, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

असा वज्रसाहेब जन्माला आला. दिवसा तो फायलींवर सह्या करतो. कुठे अन्याय झाला की पेनाचं टोपण उघडतो. मोठे अधिकारी हिरव्या शाईने सही करतात, तीच शाई याचं अस्त्र. ती जिथे पडेल तिथलं खोटं विरघळतं. कल्पना बाळबोध होती, पण चित्रं बाळबोध नव्हती. दोन वर्षं किशोर अभ्यासिकेतल्या त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत बसून ती काढत राहिला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिथून उठताना त्याची मान दुखली नाही. चेहऱ्यासाठी समोर कुणी बसायला तयार नव्हतं, तेव्हा परीक्षांच्या फॉर्मवर चिकटवून उरलेले स्वतःचेच पासपोर्ट फोटो त्याने टेबलावर मांडले. वज्रसाहेबाला त्याचा चेहरा मिळाला. डोळ्यांखालची सूज तेवढी त्याने चित्रात घेतली नाही.

जाहिरात सरांच्या डोक्यातून निघाली. त्यांनी वज्रसाहेबाचं चित्र कॉम्प्युटरवर टाकून असं काही गुळगुळीत करून घेतलं की तो खराखुरा फोटो वाटावा. कोट, टाय, छातीशी फाईल. मालिकेचं नाव मुद्दामच टाकलं नाही. वर फक्त ‘अमरावतीला मिळाला नवा साहेब!’ आणि खाली ‘रविवारी भेटा’, एवढंच. लोकांची उत्सुकता ताणायची, असा डाव होता. गुरुवारी सकाळी पंचवटी चौकात तो फ्लेक्स चढला तेव्हा किशोर समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला आणि अर्धा तास उभाच राहिला. चहावाल्याने त्याच्याकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं आणि न मागता दुसरा कप दिला. तो कप त्याने घेतला, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.

त्याच दुपारी आईचा फोन आला होता.

“लागला म्हन्ते नं रे, किशोर?” जमुनाबाईंचा आवाज कापत होता.

“लागला, आई. आज सकायीच लागला.”

“कोठी?”

“पंचवटीले. भर चौकात. तुले कोनं सांगतलं?”

“खुशालरावनं. मोठा हाय म्हन्ते.”

“लय मोठा,” किशोर म्हणाला आणि एकटाच हसला.

मग फोन वामनरावांनी घेतला. किशोरने निमंत्रण पत्रिका पंधरा दिवसांपूर्वीच पाठवली होती. पोराइच्या चित्राच्या पुस्तकाले म्या कायले येऊ, तूर काढणीले आली, असं म्हणून वामनरावांनी तेव्हा विषय संपवला होता. आता ते म्हणाले, “मी येतो ऐतवारी.” किशोरने खरंच का म्हणून विचारलं, तर येतो म्हनलं नं, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. किशोर फोन हातात धरून जिन्यात बसून राहिला. बापाने आपल्या चित्रांसाठी तूर सोडली, असं त्याला वाटलं. वाटणारच. इतकी वर्षं माणूस ज्याची वाट पाहतो ते आलं, तर आधार कार्ड कोण तपासून घेतं?

अकराला पाच कमी असताना खाली डफडं वाजायला लागलं.

कुणाची वरात असेल म्हणून किशोर खिडकीशी गेला. मंगल कार्यालयाच्या दारात एक क्रूझर उभी होती. बारा माणसांची गाडी, तिच्यातून एकोणीस उतरले. सगळ्यांच्या डोक्याला गुलाबी फेटे होते. येताना अकोल्याला जुन्या शहरात गाडी थांबवून ते बांधून घेतले होते, असं नंतर कळलं. गाडीच्या बॉनेटवर कापडी फलक ताणला होता. त्यावर पंचवटी चौकातल्या फ्लेक्सचा फोटो होता, थोडा तिरपा, मोबाईलवर काढलेला. खाली लिहिलं होतं, ‘आमचे किशोर साहेब, आमच्या गावाचा अभिमान. समस्त गावकरी मंडळी’.

फोनवरचं सगळं बोलणं किशोरला एका क्षणात उलट्या बाजूने ऐकू आलं. फ्लेक्स लागतो, निकाल लागतो, आणि पोरगाही लागतो. त्यातही ‘नोकरीला’ हा शब्द गाळून गावात कुणी नुसतं ‘लागला’ म्हटलं, की त्याला दुसरा अर्थ नसतो. ज्यांची पोरं लागली नाहीत त्यांना तर तो एकच अर्थ झोपेतही ऐकू येतो. आईने विचारलं होतं पोराचं, त्याने सांगितलं होतं फ्लेक्सचं.

तो खाली धावला. सगळ्यांत पुढे खुशालराव होते, वामनरावांचे शेजारी आणि गावचे माजी सरपंच. गुरुवारी आयुक्त कार्यालयात जमिनीच्या अपिलाच्या तारखेला आले असताना तो फ्लेक्स त्यांनीच पाहिला होता आणि फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. त्यांच्या पुतण्याने, शुभमने, निवडयादी मोबाईलवर उघडून त्यात किशोर काकड हे नाव नसल्याचं दाखवलं, तर वेटिंगमधून घेतलं असन, तू लय शायना झाला का, म्हणून त्यालाच चूप बसवलं होतं. शुभमला क्रूझरमध्ये जागा मिळाली नव्हती.

किशोरला लहानपणापासून ‘किशोऱ्या’ म्हणणाऱ्या खुशालरावांनी दोन्ही पाय जुळवून त्याला सलाम ठोकला.

“साहेब, गाव आलं तुमचं,” ते म्हणाले.

हार पडले. पेढा तोंडात आला. माणिकबाई नावाची त्याची एक लांबची आजी बोटं मोडून त्याची दृष्ट काढत होती आणि मधूनच रडत होती. किशोर तोंडात पेढा धरून नाही नाही म्हणत होता आणि पेढ्यामुळे ते कुणाला कळत नव्हतं. या सगळ्यांच्या मागे, क्रूझरच्या सावलीत, वामनराव उभे होते. नवं धोतर, इस्त्रीचा सदरा. फेटा त्यांना मोठा झाला होता. चष्म्याची तुटकी काडी नेहमीप्रमाणे दोऱ्याने बांधलेली होती. ते पुढे येत नव्हते. ते नुसते पाहत होते, आणि आपल्या बापाच्या चेहऱ्यावर किशोरने असं काही पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो माणूस तरुण दिसत होता.

किशोरने त्यांचा हात धरला आणि कुणाला काही कळायच्या आत जिन्याखालच्या खोलीत नेलं. तिथे मांडवाचं सामान ठेवलेलं होतं, खुर्च्यांच्या चळती आणि गुंडाळलेल्या सतरंज्या. दार त्याने लोटून घेतलं.

“बाबा, मी नाई लागलो.”

“काय नाई लागला?”

“साहेब नाई झालो. चौकात लागला तो बोर्ड. बोर्ड लागला म्हनलं मी आईले. हे पुस्तक हाये नं, त्याची जाहिरात होय ते.”

वामनराव सतरंजीच्या गुंडाळीवर बसले. फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. बाहेर डफडं थांबलं होतं आणि खुशालराव कुणाला तरी मोठ्याने सांगत होते की हा लहानपणीच फार हुशार होता.

“तुही माय घरोघरी पेढे वाटून राहिली,” वामनराव म्हणाले.

किशोरने अंक काढून त्यांच्या हातात दिला. हे मी केलं, बाबा, एवढं पाहा, असं काहीतरी तो पुटपुटला. ती वेळ नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पण अंक दाखवायला दुसरी वेळ येणार नव्हती, हेही कळत होतं. दोन वर्षांत त्याने काढलेली प्रत्येक रेघ त्याने कुठेतरी या एका माणसाला दाखवण्यासाठी काढली होती.

वामनरावांनी चष्मा नीट केला, अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. शेतीची कागदपत्रं पाहावीत तसे ते पाहत होते, वरून खाली, एकही चौकट न सोडता. दुसऱ्या पानावर गाव होतं. त्यांनी एका झाडावर बोट ठेवलं.

“हा आपला पिंपय.”

“हो, बाबा,” किशोर म्हणाला. इतक्या गोंधळातही तो सुखावला, अगदी मूर्खासारखा सुखावला, आणि त्या सुखात चौथं पान त्याच्या डोक्यातून पार गेलं.

ते पान उलटलं तेव्हाच त्याला आठवलं. चौथ्या पानावर वज्रसाहेबाचा बाप मरतो. तहसील कचेरीच्या पायरीवर, उन्हात, अर्ज हातात धरून. मोठी चौकट होती, अर्धं पान व्यापणारी. त्याखाली लहान चौकटीत भिंतीवर फोटो होता आणि फोटोला हार घातलेला. बापासाठीही समोर बसायला कुणी नव्हतं. तो चेहरा त्याला पाठ होता, म्हणून त्याने न पाहताच काढला होता.

वामनरावांनी अंक डोळ्यांजवळ नेला.

“हा म्या होय का?”

“हो.”

“मेलो?”

“गोष्टीत, बाबा. असल्या गोष्टीत हिरोचा बाप मरतेच. तवाच त्याले शक्ती येते.”

“कोनं सांगतलं तुले असं?”

सरांनी, असं किशोर म्हणू शकला असता. ते खोटं ठरलं असतं. गोष्ट त्याची होती. आपल्याच मनाने, एका बैठकीत, एकही रेघ न खोडता त्याने ते पान काढलं होतं आणि काढून झाल्यावर त्याला फार हलकं वाटलं होतं. त्या हलकेपणाचा विचार त्याने आजवर केला नव्हता. आता केला आणि त्याला स्वतःची किळस आली.

“मीच लिवलं,” तो म्हणाला.

वामनरावांनी मान हलवली. बोट चित्रातल्या चेहऱ्यावरून फिरवलं.

“चांगला काढला,” ते म्हणाले. “चष्म्याचा दोरा बी काढला.”

बापाच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला किशोर चौथीपासून थांबला होता. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी.

दार ढकलून गजेंद्र सर आत आले. बाहेरचा प्रकार त्यांनी एव्हाना पुरता समजून घेतला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. किशोरने घाईघाईने सगळं सांगायचा प्रयत्न केला, तर त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. अख्खं गाव फसलं म्हणजे फ्लेक्स शंभर टक्के पास, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी वामनरावांना वाकून नमस्कार केला आणि पाहुण्यांसोबत प्रकाशन तुमच्याच हातून होईल, म्हणून जाहीरही करून टाकलं.

“सर, मी माईकवर खरं काय ते सांगून टाकतो,” किशोर म्हणाला.

“सांग ना. आधी फोटो होऊ दे.”

वामनराव उठले. फेटा त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी नीट दाबून बसवला.

हॉल भरला होता. डावीकडे क्लासची मुलं बसली होती, अडीच-तीनशे, आणि उजवीकडे पहिल्या दोन रांगांत गुलाबी फेटे. ‘राखीव’ची चिठ्ठी कुणाच्या तरी धोतराला चिकटून गेली होती. प्रमुख पाहुणे एक निवृत्त अधिकारी होते. ते वेळेचं नियोजन या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. मग तबक आलं. फीत एका हिसक्यात सुटली. व्यासपीठावरच्या पाचही जणांनी एकेक अंक छातीशी धरला आणि समोर पाहिलं. फोटोची ती रीतच आहे. पुस्तकाच्या आत काय आहे ते आपल्याला माहीत आहे, असा चेहरा करून सगळे उभे राहतात. या वेळी वामनरावांना तरी ते खरंच माहीत होतं.

मुखपृष्ठावर किशोरचाच चेहरा पाहून उजवीकडच्या रांगांत कुजबुज झाली. खुशालरावांनी तिचा लगेच निकाल लावला. साहेब लागल्या लागल्या सरकारने त्यांच्यावर पुस्तक काढलं, असं त्यांनी मागच्यांना सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. उलट इतका खर्च सरकार उगीच करणार नाही, अशी भरही कुणीतरी घातली.

मग निवेदकाने हिरोच्या वडिलांना दोन शब्द बोलायची विनंती केली. वामनराव माईकपाशी गेले आणि त्यापासून हातभर लांब उभे राहिले. निवेदकाने माईक त्यांच्याकडे वाकवला. किशोर खुर्चीच्या कडेवर बसला होता. बाबांनीच सांगितलं तर बरं होईल, असं त्याला वाटलं, आणि बाबांना सांगावं लागतंय याची लाजही वाटली.

“मले बोलता येत नाई,” वामनराव म्हणाले. “अकरा वर्सं लोकं मले इचारत होते, पोरगा लागला का. लग्नात इचारे, मयतीत इचारे. मी म्हनो, लागन.”

त्यांनी उजवीकडे, आपल्या माणसांकडे पाहिलं.

“आता इचाराचं काम नाई. लागला.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. उजवीकडचे टाळ्या वाजवत होते कारण पोरगा लागला होता. डावीकडची मुलं वाजवत होती कारण म्हाताऱ्याने कॉमिकची जाहिरात झकास जमवली होती, आणि काही जण अशासाठीही वाजवत होते की तो प्रश्न त्यांनाही लग्नामयतीत भेटत होता. गजेंद्र सर उभे राहून वाजवत होते. किशोर बापाकडे पाहत होता. त्या माणसाने खाली खोलीत सगळं ऐकलं होतं, नीट समजून घेतलं होतं, आणि इथे येऊन शांतपणे हे सांगितलं होतं. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

पुढचं नाव किशोरचं होतं. खरं बोलायचं तर वेळ अजून गेली नव्हती. तो माईकपाशी गेला. वाक्यही तयार होतं, आमच्या गावकऱ्यांचा एक गैरसमज झाला आहे, असं सुरू होणारं. त्याने वळून पाहिलं. वामनराव खुर्चीत बसले होते आणि मांडीवरच्या अंकाकडे खाली मान घालून पाहत होते. अंक मिटलेला होता आणि दोन्ही तळवे त्यावर दाबून ठेवलेले होते. किशोरने सरांचे, छापखान्याचे आणि उपस्थितांचे आभार मानले आणि तो जागेवर येऊन बसला. त्याच्या चित्रांबद्दल त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही, तोही नाही.

कार्यक्रम संपल्यावर खाली पुन्हा गर्दी झाली. मसाला भात झाला, सेल्फी झाले. खुशालरावांनी सदऱ्याच्या आतून घडी घातलेला अर्ज काढला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या मोजणीचा होता आणि साहेबांनी फक्त वर दोन शब्द मारून द्यायचे होते. किशोर मागे सरला. वामनरावांनी मध्येच हात घालून तो अर्ज घेतला आणि आपल्या खिशात ठेवला. पहिल्याच दिवशी साहेबाले कामं सांगू नका, असं ते म्हणाले. सगळे हसले आणि खुशालरावही ओशाळून हसले. अकरा वर्षांत वामनरावांच्या एका शब्दावर माजी सरपंच ओशाळल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

मग वामनराव माणसामाणसांत फिरताना दिसले. क्लासने वाटलेले अंक ते परत गोळा करत होते. साहेबाची सही राहिली, सही करून मी धाडतो, असं प्रत्येकाला सांगत होते. माणिकबाई अंक सोडायला तयार नव्हती. तिच्याकडून त्यांनी तो हळूच काढून घेतला. नऊ अंक झाले. ते घेऊन ते किशोरपाशी आले आणि त्याला गाडीच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेले.

“हे ठेव तुह्यापाशी,” ते म्हणाले. “गावात नको.”

किशोरने अंक घेतले. वामनरावांचा स्वतःचा अंक गठ्ठ्यात सगळ्यांत वर होता.

“पोस्टिंग लांब भेटलं, असं सांगतो मी. गडचिरोलीकडं.”

“बाबा, कवापर्यंत सांगसान असं? मी येतो गावाले. मी सांगतो सगळ्याइले. लोकं दोन दिवस हासतीन अन् इसरतीन.”

“तू येऊ नको.”

“दिवाईले बी?”

“साहेबाले सुटी नाई भेटत,” वामनराव म्हणाले. ते रागाने बोलत नव्हते. बैलाचं दावं कुठे बांधायचं ते सांगावं तसं सांगत होते. “मायले फोन करत जाजो. तिले म्या काही सांगत नाई. ते तीन दिसापासून जेवली बी नाई, नुसती हासून राहिली.”

“अन् तुमी?”

वामनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. किशोरच्या गळ्यात हारांची गुंतवळ झाली होती. ती त्यांनी बोटांनी सोडवली, एक हार सरळ केला आणि हात मागे घेतला.

“चाला, उशीर होते,” ते गाडीकडे वळून मोठ्याने म्हणाले.

माणसं क्रूझरमध्ये कोंबून बसायला लागली. येताना मागच्या बाकावर दोघांच्या मध्ये आलेले वामनराव सवयीने मागच्या दाराकडे गेले. ड्रायव्हरजवळ खुशालराव बसले होते. ते लगबगीने खाली उतरले आणि त्यांनी पुढचं दार उघडं धरलं.

“साहेबाचे वडील तुमी,” ते म्हणाले. “मांगं कायले बसता?”

वामनराव दाराची कडी धरून क्षणभर तसेच उभे राहिले. पलीकडे किशोर हार आणि अंक सांभाळत उभा होता. त्याच्याकडे न पाहता, फेटा दाराला लागू नये म्हणून ते वाकले आणि पुढे बसले.